चौथ्या खोलीपाशी

९ ऑगस्ट

ताईस,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं. तो शब्द बघूनच तू पत्र बाजूला ठेवलं असतंस.

सोबत बाबांच्या औषधाची चिठ्ठी आहे. ती माझ्याकडेच राहिली. औषध आणते असं सांगून निघाले होते ना, म्हणून हातात होती, आणि बसमध्ये बसेपर्यंत हातातच राहिली. तू डॉक्टरांकडून दुसरी लिहून घेतली असशीलच. तरी पाठवते. माझ्यापाशी ठेवून मी काय करू?

तुझी ट्रंक दाराशी भरून ठेवलेली होती, ते मी पाहिलं होतं. वर तुझी रेघा ओढायची पेनं, फडक्यात गुंडाळून. बाबांची उजवी बाजू गेल्यापासून दोन वर्षं तू काढलीस. आता नकाशाखात्यातल्या प्रशिक्षणाची दोन वर्षं तुझी, आणि घर माझ्याकडे, असं आपण तिघांनी बसून ठरवलं होतं. बाबांनी डावा हात वर करून होकार दिला होता. मीही दिला होता. तेव्हा मी खोटं बोलत नव्हते, ताई. पण तेव्हा नाटक कंपनीचं पत्र आलं नव्हतं. ते तू निघायच्या चार दिवस आधी आलं. चार दिवस ते मी गादीखाली ठेवलं. तुला सांगितलं असतं तर तू ‘जा’ म्हणाली असतीस. आणि तू ‘जा’ म्हटल्यावर मला जाता आलं नसतं. म्हणून नाही सांगितलं. आता लिहिताना हे कारण केवढं शहाणपणाचं वाटतंय! त्या दिवशी मी फक्त घाबरले होते आणि घाईत होते.

मी बरी आहे. मला भूमिका मिळाली आहे. मोठी नाही, पण मिळाली आहे. एका लाँड्रीच्या वर खोली घेतली आहे. खालच्या वाफेनं फरशी दिवसभर कोमट असते आणि माझे कपडे कधीच पुरते वाळत नाहीत. धुणाऱ्यांच्या डोक्यावर राहून मी ओली फिरते, ही इथली गंमत.

माझं वय वीस आहे. तू वीस वर्षांची असताना बाबा चालत-बोलत होते.

हे शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. पण शाईनं लिहिलं गेलंय.

तुझी,
धाकटी


२ सप्टेंबर

ताईस,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तू घेतलंस. पोस्टमनला ‘नको’ म्हणणं तुला काही जड नव्हतं. एवढ्या आधारावर दुसरं लिहायला बसले आहे. निर्लज्ज म्हण हवं तर.

इथली माणसं सांगते. दिग्दर्शकांना सगळे मास्तर म्हणतात. किडकिडीत, खिशात कायम खडू. तालमीत कुणी भलत्या जागी उभं राहिलं की खाली वाकतात, त्याच्या पायाभोवती रेघ मारतात, ती फुलीनं खोडतात आणि शेजारी दुसरी मारतात. बोलत नाहीत. कपडेपट सांभाळणाऱ्या मावशी आहेत. त्यांच्या तोंडात सदा टाचण्या, त्यामुळे निम्मं बोलणं नाकातून. मला पहिल्या दिवशी म्हणाल्या, “हंऽ, घरून हळून आलीस का?” म्हणजे ‘पळून’. मी ‘नाही’ म्हटलं. त्यांनी टाचण्या काढल्या, मला नीट पाहिलं आणि परत तोंडात घातल्या.

आणि बाई. बाई म्हणजे कंपनीची मुख्य नटी. वय पन्नाशीच्या पुढं. त्या आत आल्या की गप्पा मारणारी माणसं आपोआप उभी राहतात, आणि त्यांना ते कळतही नाही. नव्या नाटकात बाई एका जुन्या लॉजच्या मालकीण आहेत. लॉज विकायला काढलंय. तिसऱ्या अंकात ते विकत घ्यायला आलेल्या माणसाला त्या एकेक खोली दाखवतात आणि कोण तिथं राहून गेलं ते सांगतात. पाच खोल्या. रंगमंचावर एकही खोली नाही, पाच दारं नुसती. बाई बोलायला लागल्या की दारामागची कॉट दिसते, खुंटीवरचा कोट दिसतो. नऊ मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं. नऊ मिनिटं कुणी खोकत नाही.

माझं काम पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत असतं. माझ्यावाचून एक प्रवेश होत नाही म्हटलंस तरी चालेल. सगळं नाटक पाठ आहे मला, माझंच नव्हे, सगळ्यांचं.

बाबा कसे आहेत, हे विचारायचं माझं तोंड नाही. तरी विचारते. तू पोस्टकार्डावर नुसतं ‘ठीक’ लिहिलंस तरी पुरे.

धाकटी


१७ ऑक्टोबर

ताई,

तुझ्याशी खोटं बोलले. भूमिका वगैरे काही नाही. मी प्रॉम्प्टर आहे.

विंगेत, पडद्याच्या कडेला, एका उंच स्टुलावर बसते. समोर टेबल, त्यावर नाटकाची वही, वर निळ्या कागदात गुंडाळलेला दिवा. नट अडला की पुढचा शब्द सांगायचा. त्याला ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेला जाणार नाही एवढ्याच आवाजात. मास्तरांनी पहिल्या दिवशी माझी परीक्षा घेतली. “बोल काहीतरी,” म्हणाले. मी घरी न्हाणीघरात दार लावून बसवलेलं ते स्वगत सुरू केलं. “हळू.” हळू बोलले. “अजून हळू.” अजून हळू बोलले. शेवटी माझं मलाच ऐकू येईना, तेव्हा म्हणाले, “वा! उद्यापासून ये.”

हस. मी त्या दिवशी लाँड्रीच्या जिन्यावर बसले होते आणि रडता रडता मलाही हसू आलं होतं. माझा आवाज कुणाला ऐकू येत नाही म्हणून मला ठेवून घेतलं! आणि घरी तुला काय लिहिलं, तर भूमिका. तुझ्या दोन वर्षांवर पाय देऊन आले ते स्टुलावर बसायला, हे कसं लिहिणार होते?

आता दुसरी गोष्ट. ती मी कुणालाच सांगितलेली नाही, आणि कुणाला तरी सांगितली नाही तर माझं डोकं फुटेल.

बाई विसरतात.

ऑगस्टमध्ये एका प्रयोगात एखादा शब्द. तेवढं कुणाचंही होतं. सप्टेंबरमध्ये पानामागे एक. आता ओळीमागे. अडल्या की त्या डाव्या कानातल्या कुडीला हात लावतात. ती आमची खूण. मी शब्द सांगते, त्या तो असा उचलतात की मुद्दाम थांबल्यासारखं वाटतं. लोक म्हणतात, बाईंचं थांबणं केवढं बोलकं! परवा दुसऱ्या अंकाच्या आधी त्या विंगेत माझ्याजवळ आल्या आणि विचारलं, “आज कोणतं करतोय गं आपण?” मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी नाटकाचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, पदर सारखा केला आणि उजेडात गेल्या.

दुसऱ्या अंकात मोलकरणीची दोन वाक्यांची भूमिका आहे. ती करणारी मुलगी सोडून गेली. मी मास्तरांच्या मागे लागले. आठ दिवस मागे लागले. शेवटी ते हो म्हणाले. ताई, दोन वाक्यं! मी ती खोलीत भिंतीला म्हणून दाखवली, खालच्या इस्त्रीवाल्याला म्हणून दाखवली. आणि तालमीच्या सकाळी मास्तर म्हणाले, नाही. बाई म्हणतात, हिला विंगेतून हलवलंत तर मी उभी राहणार नाही.

संध्याकाळी बाई रंग लावायला बसल्या होत्या, तिथं गेले. दार न वाजवता.

“बाई, दोनच वाक्यं आहेत. तेवढ्या वेळात वही कुणीही धरील.”

“कुणीही नको. तू लागतेस मला.”

“मग मी काय जन्मभर त्या स्टुलावर बसू?”

त्या आरशातून माझ्याकडे बघत होत्या. अर्ध्या चेहऱ्याला रंग लागलेला, अर्धा तसाच. म्हणाल्या, “तू बाहेर आलीस तर माझ्या कानात कोण बोलणार, पोरी?”

रागावून म्हणाल्या असत्या तर बरं होतं. त्या विनवत होत्या. एवढी मोठी बाई. आणि मला दया आली नाही, ताई. मला एवढंच वाटलं की हे मी ओळखते. माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं, आणि त्याचं अडतं म्हणून मला हलता येत नाही. घरातून मी हेच चुकवून पळाले होते.

उत्तर पाठव. शिव्या पाठव.

धाकटी


३० नोव्हेंबर

ताई,

मला भूमिका मिळाली. या वेळी खरंच. मुख्य भूमिका, लॉजच्या मालकिणीची.

झालं असं. गेल्या रविवारी दुपारच्या प्रयोगात तिसऱ्या अंकात बाई मध्येच थांबल्या. तब्येत बरी नव्हती त्यांची. दुर्दैवानं नेमका त्याच वेळी माझ्या टेबलावरचा दिवा गेला. वहीतलं काही दिसेना. पडदा पाडावा लागला. बाईंना विश्रांती सांगितली आहे. पुढचा प्रयोग तीन दिवसांवर होता, तिकिटं गेलेली होती, आणि कंपनीत नाटक येणारी मी एकटीच. मावशींनी रात्रंदिवस बसून बाईंचे कपडे माझ्या मापाचे केले. केसांना पांढरी पूड. आवाज थोडा खाली.

तीन प्रयोग झाले. टाळ्या पडतात. मास्तर काही बोलत नाहीत, म्हणजे चांगलं होतंय. काल एक म्हाताऱ्या बाई मला भेटायला आत आल्या आणि माझा हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

तुला आनंद व्हावा असं मी म्हणत नाही. कळावं म्हणून लिहिलं.

बोटाला जरा लागलंय, त्यामुळे अक्षर वाकडं आहे.

धाकटी


११ डिसेंबर

ताई,

मी झोपत नाही. खाली इस्त्रीवाला दुपारी कपड्यांवर पाणी शिंपडतो, त्याचा आवाज ऐकत पडून राहते. संध्याकाळ झाली की उठते, जाते, टाळ्या घेते, परत येते. तुला लिहिल्याशिवाय आता गत्यंतर नाही. तू वाचतेस की तसंच ठेवून देतेस, मला माहीत नाही.

तू हुशार आहेस. तुला मागचं पत्र वाचतानाच कळलं असेल. सगळं नाटक पाठ असलेल्या मुलीला दिवा कशाला लागतो?

दिवा गेला नव्हता.

रविवार दुपार. थिएटर भरलेलं. बाईंचा पहिला अंक मी जवळजवळ सगळा बोलले, त्यांनी माझ्यामागून. दुसऱ्या अंकात नवी मोलकरीण आली, तिनं ती दोन वाक्यं म्हटली. वाईट म्हटली. एक शब्द खाल्ला. मी स्टुलावर बसून ते ऐकलं. मग तिसरा अंक. पहिली खोली झाली, जिथला गवंडी जाताना भिंतीत नवी खिडकी पाडून गेला. दुसरी झाली. तिसरी झाली. बाई चौथ्या दारापाशी आल्या, हात दाराला लावला, आणि थांबल्या.

हात कुडीकडे गेला.

वाक्य माझ्या जिभेवर होतं. “चौथ्या खोलीला मी कधी कुलूप लावलं नाही.” एवढं म्हणायचं होतं. पहिला शब्द दिला असता तरी पुरे होतं.

मी तोंड मिटून घेतलं.

मी ठरवलं नव्हतं, ताई. खरंच. आधी वाटलं, एक क्षण. त्यांना कळू दे, मी नसले की काय होतं. मग तो क्षण गेला आणि दुसरा आला, आणि मी तोही जाऊ दिला. त्यांनी पुन्हा कुडीला हात लावला. मग त्या वळल्या. नाटकात वळायचं नाही तिथं, प्रेक्षकांकडे पाठ करून, सरळ विंगेत माझ्याकडे बघितलं. सात-आठ पावलांचं अंतर. मी वहीत डोकं घातलं.

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मग दोघं-तिघं.

आणि मग बाई बोलायला लागल्या. पण ते दुसऱ्याच कुठल्या तरी नाटकातलं होतं. बारीक, लाडिक आवाज. “आई, मी अजून सोळाचीसुद्धा नाही आणि तुम्ही मला...” पांढऱ्या केसांची बाई, लॉजची मालकीण, मान वेळावून सोळा वर्षांच्या मुलीचं बोलत होती. मावशींनी त्याच संध्याकाळी सांगितलं, ते बाईंचं पहिलं नाटक. पस्तीस वर्षांपूर्वीचं. ते मात्र अक्षर न् अक्षर आठवत होतं.

लोक हसले. आधी मागं कुठंतरी एकजण, मग सगळे. बाईंना वाटलं, नाटकात हसण्याची जागा आहे, त्या जरा थांबल्या, हसू ओसरू दिलं, आणि पुढं चालू केलं. मास्तर धावत आले, ओरडले, “पडदा!”

त्या गोंधळात मी निळा कागद काढला आणि दिवा हातानंच फिरवून सैल केला. तो तापलेला होता. बोटं भाजली. मास्तर आले तेव्हा मी म्हटलं, “दिवा गेला.” त्यांनी टेबलाकडे पाहिलं. मग दोन तासांनी त्यांनी सगळ्यांना जमवून विचारलं, आता काय करायचं, तेव्हा मी म्हटलं, “मला सगळं पाठ आहे.” ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांना तिथंच कळलं. मला दिसलं ना त्यांना कळलेलं! त्यांनी खिशातून खडू काढला, बोटांत फिरवला आणि म्हणाले, “उद्या दहाला ये.”

मावशी कपडे मापाला लावताना म्हणाल्या, “हात वर कर.” केला. त्यांनी बोटं पाहिली. त्या दिवशी त्यांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या.

“दिवा गेला होता ना गं?”

“हो.”

“गेलेल्या दिव्यानं कधी भाजतं का?”

त्यांनी डबीतलं मलम काढून माझ्या बोटांना लावलं, फुंकर घातली, आणि कंबरेचं माप घेतलं. त्यानंतर त्या माझ्याशी मापांपलीकडे बोललेल्या नाहीत.

तुझ्याकडे माफी मागत नाही. तुझी वेगळी मागायची आहे, ती अजून मागितलेलीच नाही. मी हे दोनदा केलंय, ताई. एकदा तुझ्याबाबतीत, एकदा त्यांच्याबाबतीत. ज्या बाईला माझा आधार होता तिला ऐन वेळी सोडायचं, आणि मग म्हणायचं, मी ठरवलं नव्हतं. पळून जाणं निदान दिसतं तरी. नुसतं गप्प बसणं कुणाला दिसतसुद्धा नाही.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट लिहू? मी भूमिका चांगली करते. फार चांगली. चौथ्या दारापाशी आले की लोक रडतात.


८ जानेवारी

ताई,

बाईंकडे गेले होते.

चौदा वेळा त्यांच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले होते. पंधराव्यांदा दारातच मावशी भेटल्या, पिशवी घेऊन बाहेर पडत होत्या. मला म्हणाल्या, “आलीस? मग आता उंबऱ्यात उभी राहू नकोस, गार हवा आत जाते.” एवढंच बोलल्या, पण मापांव्यतिरिक्त बोलल्या.

बाई दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. सकाळची वेळ होती. घरभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, मावशींच्या अक्षरातल्या. गॅसपाशी ‘बंद केला का?’, आरशापाशी ‘केस विंचरले का?’, दाराच्या आतल्या बाजूला ‘बाहेर जायचं नाही. मी चारला येते.’ बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. रंगाशिवाय त्यांचा चेहरा मी कधी धड पाहिलाच नव्हता. नाकावर चष्म्याच्या खुणा आहेत, तिळासारखा एक डाग आहे. कुणाच्याही आईसारख्या दिसतात.

मला वाटलं, ओळखणार नाहीत. खरं सांगते, ओळखू नये असंच वाटत होतं.

“तू विंगेतली,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. म्हटलं, “बाई, त्या दिवशी दिवा गेला नव्हता.”

“माहीत आहे. दिवा लागलेला होता. त्यात तुझं तोंड दिसत होतं मला. मिटलेलं.”

खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर वर केलं. मी रडत होते. त्यांनी रडू दिलं. मी ‘माफ करा’ म्हटलं, तर त्या जरा विचारात पडल्या, जसं काही मी एखादी वस्तू मागितली होती आणि ती घरात आहे की नाही ते त्या आठवत होत्या.

“केलं म्हटलं तरी उद्या मला आठवणार नाही,” त्या म्हणाल्या. “मग तू उद्या येऊन परत मागशील. परवा परत. माझा सगळा वेळ तुला माफ करण्यातच जायचा. नको.”

आणि हसल्या. ताई, त्या खरंच हसल्या. मला हसता आलं नाही.

मग विचारलं, “तू करतेस का आता?”

“हो.”

“कशी करतेस?”

मी खरं सांगितलं. “चांगली.”

“हं.” त्यांनी मान वळवली. त्यांना ते लागलं. मला दिसलं. मग म्हणाल्या, “त्या दिवशी माझं राहिलं. पुढं काय होतं?”

मला कळेना. त्यांनी उठून स्वयंपाकघराच्या दाराला हात लावला, तसाच, पंजा उघडा ठेवून. आणि डावा हात कुडीकडे नेला. कुडी नव्हती कानात.

मी म्हटलं, हळू, विंगेतून म्हणायचे तेवढंच हळू, “चौथ्या खोलीला...”

“चौथ्या खोलीला,” बाई म्हणाल्या.

“मी कधी कुलूप...”

“मी कधी कुलूप लावलं नाही. कारण इथला माणूस सांगून गेला नव्हता. सांगून गेलेल्याचं सामान आवरता येतं. न सांगता गेलेल्याची चादर तशीच ठेवावी लागते.”

नंतरचा शब्द मी द्यायच्या आधीच त्या म्हणाल्या. पाचवी खोलीही केली. दोनदा अडल्या, दोनदा मी सांगितलं. समोर प्रेक्षक नाहीत, गॅसवर झाकलेलं पातेलं. ताई, मी ते भाषण वीस प्रयोगांत केलंय, लोकांना रडवलंय, आणि मला ते काहीही येत नाही हे मला तिथं जमिनीवर बसून कळलं. मी नुसती त्यांची नक्कल करते. त्यांनी कुठं श्वास घेतला ते मला पाठ आहे. का घेतला ते ठाऊक नाही.

आता रोज सकाळी जाते. काही दिवस ओळखतात, काही दिवस ‘कोण पाहिजे?’ म्हणतात. परवा ओळखलं आणि ओळखल्यावर म्हणाल्या, “निघून जा.” मी जिन्यात थांबले. अर्ध्या तासानं परत दार वाजवलं, तर म्हणाल्या, “ये, बाहेर का उभी?”

मला माफ केलं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. ते तसंच राहणार.


२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. सहा महिन्यांत पहिलं. इतक्या वेळा वाचलं की मला आता ते पाठ झालंय. ‘नकाशाखात्यानं पुन्हा बोलावलं आहे. एक मार्चला हजर व्हायचं. यानंतर बोलावणार नाहीत. बाबा ठीक. तू येणार आहेस का, तेवढंच कळव. बाकीच्या पत्रांबद्दल मला काही म्हणायचं नाही.’

म्हणजे तू पत्रं वाचलीस.

पाच मार्चला कंपनी दौऱ्यावर निघते. अकरा गावं. जाहिरातीत बाईंच्या जागी माझा फोटो आहे. तो छापून आला त्याच दिवशी तुझं कार्ड आलं. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मी दोन दिवस काढले. पहिल्या दिवशी तुला एक पत्रही लिहिलं. छान होतं. त्यात दौऱ्यानंतर, म्हणजे जूनमध्ये, मी नक्की येईन असं होतं. ‘नक्की’ हा शब्द तीनदा होता. ते फाडलं.

काल मास्तरांना सांगितलं.

“दोन वर्षं?” ते म्हणाले.

“हो.”

“दोन वर्षांनी लोक तुला ओळखायचे नाहीत. मीसुद्धा तुझी वाट बघेन असं समजू नकोस.”

“नाही समजत.”

“मूर्ख आहेस.” मग खिशातला खडू चाचपत, “त्या दिव्यामुळे जातेयस का?”

मी म्हटलं, “नाही. माझी बहीण थांबलीय म्हणून.” त्यांना ते पटलं नाही. मलाही नीट सांगता येत नाही. इथून गेल्यानं बाईंचं काही भरून येणार नाही, हे मला कळतं. तो हिशेब कुठंच मिटत नाही. पण तुझी एक मार्च अजून यायची आहे.

भूमिका आता ती मोलकरीण करणारी मुलगी करेल. तिला मी बसवते आहे. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “तुम्ही करता तसंच करू ना?” मी तिला बाईंच्या घरी घेऊन गेले. बाईंनी तिला चौथ्या खोलीपाशी अकरा वेळा परत फिरवलं. मला कधी फिरवलं नव्हतं. मी जळले, आणि ते लपवताही आलं नाही. बाई बघत होत्या. म्हणाल्या, “तू कशाला तोंड पाडतेस? तू जाणार आहेस ना?” मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मावशींनी सांगितलं असेल, किंवा त्यांनी ओळखलं असेल. दहा मिनिटांनी त्यांनी मला विचारलं, “तू कोण गं?”

ताई, मला यायचं नाहीये. हे तुला माहीत असलेलं बरं. रोज सकाळी डोळे उघडले की आधी न येण्याचीच कारणं सुचतात, आणि एकेक कारण असं देखणं असतं की मोह पडतो. बाबांचं बिछान्यातलं सगळं करायची मला भीती वाटते. ते माझ्याकडे बघतील, बोलू शकणार नाहीत, आणि बघतच राहतील, त्याची तर फारच. त्या दोन वर्षांत माझ्यातलं काय उरेल, कोण जाणे. तू गेल्यावर त्या घरात मी भिंतीवर डोकं आपटेन असंही होईल. तुलाही असंच होत असणार; तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही.

तरी येते.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मी तुझ्या जागी असते तर ठेवला नसता. ‘येते’ हे मी याआधीही म्हटलेलं आहे. तुला सत्तावीसला निघावं लागेल. म्हणून मी पंचवीसला येते. दोन दिवस मला डोळ्यांसमोर ठेव. बाबांना कसं उठवायचं, कसं वळवायचं, सगळं माझ्याकडून करून घे. चुकले तर तिथल्या तिथं बोल. आणि मग तुला वाटलं तरच जा.

बस दुपारी साडेतीनला पोचते. घ्यायला येऊ नकोस. बाबांपाशी कोण थांबणार? मी येईन चालत.

धाकटी